पाण्याअलीकडची जमीन

हणमगेरीच्या पश्चिमेला ज्वारीच्या उभ्या पिकात एक पट्टा हातभर बुटका होता. दोन बैलगाड्या सुखानं वळतील एवढी त्याची रुंदी. उत्तरेकडून यायचा, मध्ये एकदा वळायचा आणि खाली बोरी नदीला मिळायचा. त्या पट्ट्यातली ताटं बारीक, पानं लवकर पिवळी पडलेली, आणि कणसं शेजारच्यांच्या आधी बाहेर आलेली. शेतात उभं राहिलं तर हे लक्षात येत नसे. गावच्या गढीच्या पडक्या बुरुजावर चढलं की दिसायचं. तिथं वरची काळी माती पातळ होती आणि खाली नुसती वाळू आणि गोल गोटे होते. वाळूत ओल धरत नाही. नदी पूर्वी तिथून वाहत होती.

गुरुसिद्धप्पानं तो पट्टा लहानपणापासून पाहिला होता. गुलबर्ग्याच्या तुरुंगातून सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुरुजावर चढला, तेव्हाही त्याची नजर आधी त्याच्यावरच गेली. मग ती पुढं सरकली. पट्ट्यापलीकडं मोकळं रान, त्यात बाभळी, बाभळींखाली समाध्यांचे दगड, आणि त्याहीपलीकडं आजची बोरी. दगडांपैकी एक नवा होता. त्याच्याखाली त्याची सहा वर्षांची मुलगी चन्नव्वा होती.

भादव्यात तिला हिवताप झाला. औषध उमरग्याला मिळालं असतं, पण रस्त्यावर रझाकारांची ये-जा होती आणि गाडी जुंपायला कोणी धजलं नाही. सत्याग्रहात झेंडा लावला म्हणून बाप आत होता. गावातल्या माणसांनी तिला नेलं, जंगम स्वामींनी विधी केला, आणि तिच्या आईनं, शिवकांतानं, आपल्या हातानं तिच्या कपाळाला विभूती लावली. गुरुसिद्धप्पाला हे सुटून आल्यावर समजलं, तेव्हा तो दगडाला पाणी घालण्यापलीकडं काही करू शकत नव्हता.

समाध्या पूर्वी तिथं नव्हत्या. त्याच्या लहानपणी बोरीला मोठा पूर आला आणि एका पावसात नदीनं कूस बदलली. गावाला लागून वाहणारी ती पार पलीकडं गेली, जाताना गावची जुनी रुद्रभूमी, म्हणजे माणसं पुरायची जागा, घेऊन गेली. मध्ये जी जमीन मोकळी पडली ती आता पाण्याच्या अलीकडं, म्हणजे हणमगेरीच्या अंगाला आली. पण शीव जुन्या नदीची. त्या हिशेबानं जमीन पलीकडच्या शिरवळीची. शिरवळी खालशात, इंग्रजांच्या मुलखात. हणमगेरी मोगलाईत, निजामाच्या. त्या वेळी कोणाला त्याचं काही वाटत नसे. लोक पलीकडं सोयरीक करत, बाजार करत, जत्रेला जात.

गुरुसिद्धप्पाचा बाप नारळ घेऊन पाण्यातून पलीकडं गेला होता. शिरवळीच्या धुळाप्पा पाटलापुढं नारळ ठेवून म्हणाला, "पाटील, आमची माणसं ठेवायला जागा राहिली न्हाय." पाटील तेव्हा तरणाबांड होता. म्हणाला, "ठेवा की. मेलेल्याला कुठलं राज्य?"

तेव्हापासून दर येळवसेच्या अमावस्येला, शेतातल्या कोपीत पांडवांची पूजा झाली आणि आंबील-भज्जीचं जेवण उरकलं की, हणमगेरीचा एक नारळ आणि एक शेला पाण्यापलीकडं जायचा. कोणी त्याला खंड म्हटलं नाही की भाडं. पण आपल्या जमिनीसाठी कोणी दुसऱ्याला नारळ देत नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यांना चांगलं माहीत होतं. तरण्यांना वाटे, ही एक जुनी रीत आहे, एवढंच.

या वर्षी येळवसेला नारळ गेला नाही. पंधरा ऑगस्टनंतर पलीकडं दुसरा देश झाला होता आणि निजाम म्हणत होता की आपलाही देश वेगळाच. पाण्यात उतरणाऱ्याला दोन्हीकडून हटकत होते.

संक्रांत झाल्यावर तहसीलदार आले. जीप पाराजवळ ठेवून ते चालत गुरुसिद्धप्पाच्या दारात आले, तेव्हा अख्खं गाव दाराआडून बघत होतं. यांनीच सहा महिन्यांपूर्वी त्याच्या हातात बेड्या घालायला लावल्या होत्या. आता ओट्यावर बसून चहा मागत होते.

"गुरुसिद्धप्पासाब, तुम्ही आमचे मुखालिफ, विरोधक. मान्य आहे," ते म्हणाले. "पण एक गोष्ट ऐका. नदीच्या अलीकडं ती कबरींची जमीन आहे ना, तिथं आम्हाला चौकी बांधायची आहे. पलीकडचे हिंदी युनियनवाले म्हणतात जमीन त्यांची. आता दोन्हीकडचे अधिकारी मिळून पाहणी करणार. नकाशे दोन, दोन्ही अलग. मग जबानीवर येणार सगळं."

"पोलीस पाटील आहेत की. ते देतील जबानी."

"पाटील आमचा नोकर. त्याचं कोण ऐकतो? तुम्ही काँग्रेसचे. जेल काटून आलेले. तुम्ही म्हणालात की जमीन हणमगेरीची, तर त्यांच्या तोंडाला कुलूप." त्यांनी बशीत चहा ओतला. "घरची भांडणं घरात. शिवेवर एक जबान पाहिजे. दुनियाभर हाच कायदा आहे. विलायतेत सुद्धा जंग सुरू झाली की विरोधी पार्टी सरकारच्या शेजारी उभी राहते."

"साहेब, उभं राहायला आधी बसायला जागा लागते. तुम्ही आम्हाला फक्त गुलबर्ग्यात बसवलं."

तहसीलदार मोठ्यानं हसले. "म्हणूनच तुमची जबान पाहिजे! तेज आहे." मग हसू आवरून, खालच्या आवाजात, आणि खरोखरच वाईट वाटत असल्यासारखं ते म्हणाले, "तुमची बच्ची पण तिथंच आहे ना? तिच्यासाठी तरी. जमीन त्यांच्याकडं गेली, तर तुमच्या घरातून कोणी फूल सुद्धा नेऊ शकणार नाही. गोळी घालतील."

आत भांडी लावण्याचा आवाज थांबला.

गुरुसिद्धप्पा म्हणाला, "विचार करून सांगतो."

त्यानं नाही म्हटलं नाही, एवढंच तहसीलदारांनी घेतलं. गावानंही तेवढंच घेतलं. संध्याकाळपर्यंत पारावर बातमी होती की पुढाऱ्यानं जमीन वाचवली.

शिवकांता दर सोमवारी समाधीवर जायची. त्या सोमवारी तोही गेला. ती दगड धूत होती, बेलाची पानं तिनं ओच्यात बांधून आणली होती. एवढ्यात बाभळीच्या जाळीतून तिचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन बाहेर आला. तो पलीकडच्या काँग्रेसच्या कॅम्पात होता, निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांत. पायजमा मांडीपर्यंत भिजलेला, दाढी वाढलेली. बहिणीच्या पाया पडला, चन्नव्वाच्या दगडाला हात लावला, आणि मग दाजींकडं वळला.

"दाजी, तहसीलदाराला चहा पाजला म्हणं?"

"पाजला. तुलाबी पाजला असता. तू दारातनं येत न्हायस."

"चेष्टा ऱ्हाऊ द्या. पाहणीत तुमची जबानी हाय असं आमच्या कॅम्पात समजलंय. ही जमीन शिरवळीची हाय असं सांगा. एकदा का शिरवळीची ठरली की आमी इथं पोरं बसवतो. इथनं गढी सरळ बंदुकीच्या टप्प्यात येती."

"तुला ही जमीन शिरवळीची हाय म्हणून पाहिजे, का गढी टप्प्यात येती म्हणून?"

"दोन्ही धरा." मल्लिकार्जुन वैतागला. "तुम्ही सरकारचे विरोधक का न्हाय? सरकार जे म्हणतं त्याच्या उलट बोलायचं. आपलं काम तेवढंच."

"उद्या सरकार म्हणालं बोरीला पाणी हाय, तर म्या कोरडी म्हणू? तुझा पायजमा पिळून दाखवू का?"

शिवकांताच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा. मल्लिकार्जुनही हसला, पण लगेच गंभीर झाला. "काय सांगणार ते सांगा."

"बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हंजे बघू, मल्लू. जा आता. कोणी बघंल."

तो गेला. त्यानंही कॅम्पात जाऊन सांगितलं की दाजी आपल्याच बाजूचे आहेत.

गुरुसिद्धप्पा दगडापाशी बसून राहिला. आपल्याला काय खरं वाटतं याची त्याला शंका नव्हती. बापानं नारळ नेला तेव्हा तो स्वतः बापाच्या खांद्यावर बसून पलीकडं गेला होता. धुळाप्पा पाटलानं त्याच्या हातावर गूळ ठेवला होता. शंका होती ती वेगळीच. दहा वर्षं तो सभांतून सांगत आला होता की हे सरकार खोटं बोलतं. आता सरकारला त्याच्या तोंडून एक खोटं हवं होतं, आणि त्याच्या पक्षाला त्याच्या तोंडून खरं हवं होतं, पण खऱ्यासाठी नव्हे. दोघांनाही त्याचं तोंड पाहिजे होतं. विरोधक म्हणून त्याला हवं होतं तरी काय? लोकांवर राज्य कसं करावं, यावर त्याचं सरकारशी भांडण होतं. ते शिवेच्या आतलं. शीव कुठं आहे हे सरकारनं ठरवलेलं नव्हतं, त्यानंही नव्हतं. ती जुन्या नदीनं आणि दोन माणसांच्या बोलण्यानं ठरली होती. तिथं सरकारच्या शेजारी उभं राहायचं नव्हतं, समोरही नव्हतं. जे होतं ते सांगून बाजूला व्हायचं होतं. इतकं सोपं होतं, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको त्यांच्या मुलीच्या दगडावर पानं मांडत होती.

तिला तो काही बोलला नाही. पाहणीला अजून अवकाश होता.

पण तहसीलदारांना अवकाश नव्हता. विरोधकानं नाही म्हटलं नाही, म्हणजे हो म्हटलं, असं धरून पोलीस अमीन शिपाई घेऊन आला आणि बाभळींच्या कडेला चौकीचा पाया खणू लागला. पलीकडं कॅम्पातल्या पोरांना वाटलं, जमीन आपलीच ठरणार, मग हे कोण खणणारे? त्यांनी हवेत गोळ्या झाडल्या. शिपायांनी उलट झाडल्या. मेलं कोणी नाही. पण त्या दिवसापासून ज्वारीच्या बुटक्या पट्ट्यापुढं कोणाला जाऊ देईनात.

त्याच आठवड्यात वीरप्पा गेला. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस, समाध्यांचं रान झाडून घेणारा. त्याला नेमानं बसवून, फुलांनी सजवलेल्या डोलीतून, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, वाजतगाजत नेलं. ज्वारीच्या कडेला शिपायांनी बंदुका आडव्या धरल्या. अमीनही वाईट माणूस नव्हता. तो हात जोडून म्हणत होता, "आगे मत जाव, वो लोग मारेंगे." डोली बराच वेळ उन्हात तशीच धरून ठेवली. मग मागं वळवली. वीरप्पाला त्याच्याच वावरात, हरभऱ्यात खड्डा काढून बसवावं लागलं.

गुरुसिद्धप्पा खांदा द्यायला होता. परतताना वीरप्पाची बायको इरम्मा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"पुढारी," ती म्हणाली, "माझ्या मालकाला हरभऱ्यात ठेवलं. पुढल्या साली तिथं नांगर फिरवू का नको, तेवढं सांगा. का तेबी विचार करून सांगणार?"

लोक तिला बाजूला घेऊ लागले. ती म्हणाली, "सोडा मला. ह्यो पंधरा दिवसाखाली व्हय म्हणाला असता तरी चाललं असतं, न्हाय म्हणाला असता तरी चाललं असतं. कुणाची तरी जमीन ठरली असती. परवानगी मागून आमी गेलो असतो. आता कुणालाच इचारता येईना."

घरी आल्यावर त्यानं अंघोळ केली. शिवकांता अंगणात उन्हात लाल मिरच्या पसरत होती. तो जवळ जाऊन बसला. एवढे दिवस जे तिला सांगायचं टाळलं होतं, ते त्यानं सांगितलं. नारळ, गूळ, जुनी नदी, सगळं. आणि हेही की खरं सांगितलं तर पाण्याअलीकडं असूनही ती जमीन दुसऱ्या देशात जाईल, आणि शीव बंद आहे तोवर तिला तिथं पाऊल ठेवता येणार नाही. तोवर म्हणजे किती, ते त्याला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. एक देठ मोडलेली मिरची वेचून बाजूला ठेवली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमच्या आईनं सांगितलं व्हतं. पाटलाला शेला कुणाच्या हातचा इणलेला लागतो, तेबी सांगितलं व्हतं."

"मग तू काय म्हणतीस?"

शिवकांतानं मान वर केली. तिचा आवाज चढला नाही. "मला इचारू नका. म्या म्हणले सांगू नका, तर तुम्ही खोटं बोलाल, आन जलमभर माझ्याकडं बघाल, की हिच्यापायी बोललो. म्या म्हणले सांगा, तर म्या माझी पोर दिली. दोन्ही वझं माझ्याच डोक्यावर व्हय? ताप चढला तवा म्या एकली व्हते. तवा कुणाला इचारलं न्हाय म्या. वल्ला कपडा बदलत बसले. तुम्हाला एकदा तरी एकल्यानं ठरवायला लागू द्या."

तो उठला नाही. तीही मिरच्या पसरत राहिली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिला अंधाराचं भ्या वाटायचं. बाकी कशाचं न्हाय." एवढंच. मग ठसका लागला म्हणून पदर नाकाशी धरून आत गेली.

पाहणी माघातल्या एका सकाळी झाली. खणलेल्या पायाच्या शेजारी एक तंबू ठोकला होता. युनियनकडून एक मामलेदार आले होते, चष्मा लावलेले, शांत, इकडून तहसीलदार. दोघांच्या मागं आपापले शिपाई. दोन्ही नकाशे टेबलावर मांडून वर दगड ठेवले होते. एकात नदी समाध्यांच्या या बाजूला होती, दुसऱ्यात त्या बाजूला. दोन्ही अधिकारी एकमेकांशी फार अदबीनं बोलत होते.

हणमगेरीची माणसं ज्वारीच्या कडेपासून बाभळींपर्यंत उभी होती. त्या दिवसापुरतं बायकांनाही येऊ दिलं होतं. त्या सगळ्या आधी आपापल्या दगडांकडं गेल्या. इतक्या दिवसांची धूळ साठली होती. कोणी पदरानं पुसत होतं, कोणी तांब्यातलं पाणी घालत होतं. शिवकांता गुडघे टेकून बसली होती. पाण्यापलीकडच्या काठावर शिरवळीची माणसं होती, त्यांत मल्लिकार्जुनही असावा. इतक्या लांबून चेहरे ओळखू येत नव्हते.

पाण्यातून दोघांच्या आधारानं धुळाप्पा पाटील आले. आता ते फार थकले होते. खाली घोंगडी अंथरून त्यांना बसवलं.

मामलेदारांनी विचारलं, "पाटील, ही जमीन कोणाची?"

"मला इचारू नका साहेब," पाटील म्हणाले. "म्या आमची म्हणलं तर त्यात काय नवल? मोगलाईचे साहेब खोटं म्हणणार. ह्याला इचारा. ह्याच्या बाच्या तोंडातनं कधी खोटा शब्द निघाला न्हाय." त्यांनी गुरुसिद्धप्पाकडं पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू होते. किती दिसत होतं कोण जाणे. "पोरगी गेली म्हणं तुझी. आमाला येता आलं न्हाय बाबा. शिपायांनी येऊ दिलं न्हाय."

गुरुसिद्धप्पानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

तहसीलदार म्हणाले, "गुरुसिद्धप्पा आमच्या सरकारचे विरोधक आहेत. ते जे सांगतील ते आम्हाला मंजूर." आणि मामलेदारांकडं वळून हसले. "आपल्यालाही?"

"आम्हालाही," मामलेदार म्हणाले. त्यांच्या कारकुनानं टाक दौतीत बुडवला.

गावातून कोणीतरी ओरडलं, "सांगा पुढारी! आपली हाय म्हणून सांगा!" आणखी चार-पाच आवाज उठले. "आपली माती, आपली माणसं!" इरम्मा गर्दीच्या कडेला उभी होती, तोंडावर पदर धरून. ती ओरडत नव्हती.

गुरुसिद्धप्पा पुढं झाला. खूप दिवसांपासून त्याला वाटत होतं की या क्षणी आपण काहीतरी मोठं बोलू. सरकारनं आम्हाला तुरुंगात घातलं तरी, पक्षाची अपेक्षा काहीही असली तरी, अशी वाक्यं त्यानं मनात जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. त्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. तिच्या बोटांना विभूती लागली होती आणि ती दगडावर हळूहळू तीन पट्टे ओढत होती, लहान मुलाच्या कपाळावर ओढावेत तसे, दाब न देता. तिनं त्याला मोकळं सोडलं होतं. त्या मोकळेपणाचं ओझं त्याला उभ्या आयुष्यात कशाचं वाटलं नव्हतं एवढं वाटलं.

"बोला," तहसीलदार म्हणाले.

"साहेब," तो म्हणाला, "ही जमीन आमची न्हाय. शिरवळीची हाय. आमी मागून घेतली व्हती, आमच्या मेलेल्या माणसांपुरती. हितं तुमची चौकी नको, त्यांच्या बंदुका नकोत. माझी लेक त्यांच्या हद्दीत हाय."